गळतीचा जमाखर्च

पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या मोटारप्रदर्शनात ग्रीष्मातही आतल्या माणसांस गारवा देणारी म्हणून जी गाडी मांडली, तिच्या गारव्याचे उगमस्थान चालकासमोर नव्हते. ते पाठीमागच्या आसनाच्याही मागे, डिकीत होते. वायू दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनाशेजारी, थंड होणारी कॉइल डिकीत, आणि या दोन टोकांना जोडणाऱ्या नळ्या गाडीच्या संपूर्ण लांबीतून खालून नेलेल्या, अशी ती रचना होती. तिच्यासाठी ग्राहकास २७४ डॉलर जादा मोजावे लागत, आणि एवढे मोजूनही डिकीतील निम्मीअधिक जागा त्याच्या हातून जाई. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर सदैव फिरत असे. तो हवा तेव्हा थांबविण्याची सोय नव्हती, त्यामुळे हिवाळा आला की मालकाने बॉनेट उघडून तो पट्टाच काढून ठेवावा, अशी तजवीज होती. दोनच वर्षांत कंपनीने ही सोय मागे घेतली. आज आठ-दहा माणसे वाहणाऱ्या व्हॅनमध्ये मागील आसनांसाठी जो स्वतंत्र गारवा असतो त्यास आपण अलीकडची चैन समजतो. परंतु इतिहासाच्या दप्तरात पाहू गेले तर मोटारीचे वातानुकूलन मागच्या बाजूसच जन्मले, आणि इंजिनापासून शेपटापर्यंत जाणारी लांब नळी हे त्याचे जन्मजात व्यंग होते.

व्यंग म्हणण्याचे कारण असे, की हे यंत्र बंद वर्तुळावर चालते. सहज बाष्प होणारा एक द्रव कॉइलमध्ये उकळतो व भोवतालच्या हवेची उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्या बाष्पास दाबून तप्त करतो. गाडीच्या नाकाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये ते आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्यास देऊन पुन्हा द्रवरूप होते, आणि फेरा पुन्हा सुरू होतो. या फेऱ्यात वायू पेट्रोलाप्रमाणे जळून किंवा खर्च होऊन जात नाही. म्हणून तो कमी झाला असेल तर तो कोठून तरी बाहेर पडला आहे, याशिवाय दुसरा निष्कर्षच संभवत नाही. उन्हात नुसत्या उभ्या असलेल्या गाडीतही नळ्यांच्या आतील दाब बाहेरच्या हवेच्या सात-आठ पट असतो, चालू यंत्रात तो याहून पुष्कळ चढतो. तेव्हा प्रत्येक सांधा, प्रत्येक रबरी कडी आणि नळीचा प्रत्येक हात ही निसटण्याची एकेक संधीच होय. गाडीत पाणी ठिबकते ती गळती निराळी: हवेतील ओल थंड कॉइलवर जमते, निचऱ्याची नळी कचऱ्याने बुजली की ते पाणी खालच्या गालिच्यावर उतरते, आणि नळीत तार फिरविली की ते दुखणे निकालात निघते. वायूच्या गळतीचे प्रकरण मात्र इतके सोपे नाही. कारण तिचे नुकसान कोणाच्या खाती मांडावयाचे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत वेळोवेळी पालटत आले आहे, आणि कारागिरांच्या धंद्याचे स्वरूपही त्याबरोबर पालटले आहे.

आरंभी हे नुकसान घरातल्या माणसाच्या जिवावर बेतत असे. १९२० च्या दशकातील घरगुती शीतपेट्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड अथवा मिथिल क्लोराइड असे वायू वापरीत. पहिल्या दोहोंचा निदान उग्र दर्प तरी येई. मिथिल क्लोराइड सौम्य गंधाचा असल्यामुळे झोपलेल्या कुटुंबास तो जाणवतही नसे, आणि १९२९ साली शिकागोत त्याच्या गळतीने माणसे दगावल्याची प्रकरणे गाजली. बर्लिनमधील अशाच एका दुर्घटनेची वार्ता वाचून आल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी, ज्यात एकही हलता भाग नाही आणि म्हणून झिजणारा सांधाही नाही, अशी शीतपेटी योजिली व १९३० मध्ये तिचे अमेरिकन पेटंट मिळविले, असे सांगतात. ती पेटी बाजारात आली नाही. परंतु या दोन महापंडितांनी रोगाचे निदान अचूक केले होते. कॉम्प्रेसरला फिरविणारा दांडा जेथून आवरणाबाहेर येतो तेथील सील हेच गळतीचे मुख्य द्वार होय. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९२७ साली विकावयास काढलेल्या शीतपेटीत मोटार आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी आवरणात कायमचे बंद करून हे द्वारच नाहीसे केले, आणि घरातील शीतपेटी वर्षानुवर्षे वायू न भरता चालू लागली. मोटारगाडीस ही मुभा नव्हती. तिचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्याने फिरणार, म्हणजे दांडा बाहेर येणारच. शिवाय इंजिन हादरते म्हणून नळ्यांचा काही भाग लवचीक रबराचा हवा, आणि रबरातून वायू सावकाश झिरपणार. घराने जी गळती १९२७ मध्ये मिटविली ती मोटारीने पुढे कित्येक दशके पदरात बाळगली, याचे बीज येथे आहे.

विषारी वायू बंदिस्त गाडीत खेळविणे कोणाही शहाण्या कारखानदारास परवडण्यासारखे नव्हते. म्हणून मोटारीतील गारव्याची वाट रसायनशास्त्राने मोकळी करून दिली. जनरल मोटर्सच्या मालकीची फ्रिजिडेअर ही शीतपेट्यांची कंपनी होती. तिच्यासाठी निर्धोक वायू शोधण्याचे काम जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी १९२८ साली आपल्या हाताखालचे संशोधक थॉमस मिजली यांच्यावर सोपविले, आणि मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पावधीत डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन नावाचा, न जळणारा व श्वासास अपाय न करणारा वायू पुढे आणला. १९३० च्या एप्रिलात अटलांटा येथे भरलेल्या अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजली यांनी हा वायू आपल्या छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने जळती मेणबत्ती विझवून दाखविली. एका क्रियेत दोन्ही गुणांचा दाखला मिळाला. त्याच वर्षी जनरल मोटर्स आणि ड्यू पाँट यांनी मिळून त्याच्या उत्पादनासाठी स्वतंत्र कंपनी काढली, आणि फ्रीऑन हे नाव जगभर झाले. या क्षणापासून गळतीच्या खात्यावर, निदान दिसण्यापुरते, शून्य मांडले गेले. बाहेर पडलेला वायू कोणास बाधत नाही, मग त्याची चौकशी कोणी करावी?

महायुद्ध संपून अमेरिकेत सुबत्ता आली तेव्हा १९५३ च्या हंगामात क्रायस्लर आणि जनरल मोटर्स यांनी मोटारीतील गारवा पुन्हा बाजारात आणला. पण तोही डिकीतच. जनरल मोटर्सच्या गाड्यांत मागील काचेखालच्या फळीतून पारदर्शक नळकांडी वर चढत आणि गार हवा छतातून पुढे नेत. १९५४ साली नॅश कंपनीने मात्र सगळा सरंजाम इंजिनाशेजारी व चालकासमोरच्या फळीखाली बसवून दाखविला. केल्व्हिनेटर ही शीतपेट्यांची कंपनी नॅशच्याच घरातली होती, आणि तिचा अनुभव येथे उपयोगी पडला. नळ्या आखूड झाल्या, डिकी मोकळी झाली, किंमतही ३४५ डॉलरांवर आली. त्या काळच्या इतर कंपन्यांच्या दराशी ताडून पाहता ही रक्कम थोडकी होती. पुढे सर्वांनी हीच रीत उचलली. कंपनीतून गारवा न बसविलेल्या गाड्यांना तो मागाहून बसवून देण्याचा धंदा टेक्ससमधील डॅलस आणि फोर्ट वर्थ या उष्ण प्रदेशातील शहरांत भरभराटीस आला, आणि १९६९ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक मोटारी वातानुकूलित झाल्या.

आखूड नळीचा हा लाभ लांब गाड्यांच्या वाट्यास फारसा आला नाही. समोरून सोडलेली गार हवा दुसऱ्या-तिसऱ्या आसनापर्यंत पोचेतो कोमट होते, आणि मागे बसलेली मुले घामाघूम होतात. म्हणून मोठ्या स्टेशन वॅगन, प्रवासी व्हॅन आणि १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरने आणलेल्या मिनीव्हॅनच्या जातीतील गाड्या यांत मागच्या बगलेत अथवा छतात दुसरी कॉइल, दुसरा पंखा व कॉइलमध्ये शिरणाऱ्या द्रवाचा दाब उतरविणारा दुसरा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बसविण्याची प्रथा रूढ झाली. मूळ वर्तुळास एक समांतर शाखा फुटली. डिकीतून हद्दपार झालेली लांब नळी या शाखेच्या रूपाने परत आली, आणि ती आता पूर्वीच्या तांब्या-पोलादाची नसून बहुधा हलक्या अ‍ॅल्युमिनियमची होती. शाखा जोडली की वायूची मात्रा वाढली, तेल वाढले, सांधे जवळजवळ दुप्पट झाले. परंतु गळतीच्या खात्यावर शून्य मांडण्याची सवय जडलेल्या त्या काळात या वाढीव सांध्यांचा हिशेब कोणी फारसा केला नाही.

ती सवय धंद्याच्या रीतीत स्पष्ट दिसे. वायूचे छोटे डबे सुट्या भागांच्या दुकानात कोणाही इसमास मिळत. उन्हाळ्याच्या तोंडाशी मालकाने एक-दोन डबे रिचवावेत, पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा तेच करावे, आणि कारखान्यात काही भाग उघडावयाचा झाल्यास कारागिराने एक नट सैल करून उरलेला वायू सुस्कारत आकाशात सोडून द्यावा, हा नित्याचा परिपाठ होता. गळती शोधण्याची विद्या अस्तित्वात नव्हती असे नव्हे. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे तर सर्वांच्याच हाताशी होते. त्याहून तरबेज कारागीर प्रोपेनची एक छोटी मशाल वापरीत, जिची हवा ओढणारी नळी सांध्यापाशी धरली असता वायूतील क्लोरिनमुळे तापल्या तांब्यावरची निळी ज्योत हिरवी होई. या ज्योतीतून फॉस्जीनसारखा घातक वायू निपजे, म्हणून जाणते कारागीर दारे उघडी टाकून हे काम करीत. परंतु ज्या गळतीच्या शोधास तासभर मजुरी पडते आणि जिच्या भरपाईस एक स्वस्त डबा पुरतो, तिचा शोध घेण्याचा आग्रह ग्राहकाने का धरावा? बाजाराच्या शुद्ध हिशेबाने पाहता डबाच किफायतशीर होता.

हा हिशेब चुकीचा असल्याचे जून १९७४ मध्ये प्रकट झाले. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या कॅलिफोर्नियातील दोघा रसायनशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ नियतकालिकात असे दाखविले, की जो वायू कशाशीही संयोग पावत नाही म्हणून निर्धोक ठरला, तो त्याच कारणाने वातावरणात दशकानुदशके टिकतो, हळूहळू उंच चढतो, आणि तेथे अतिनील किरणांनी फुटून त्यातून सुटलेला क्लोरिन ओझोनचा संहार करतो. मिजली यांनी मेणबत्ती विझवून जो गुण सिद्ध केला होता, तोच दोषाचे मूळ ठरला. १९८५ साली ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची घट प्रसिद्ध केली, १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे अशा ओझोननाशक वायूंना आळा घालणाऱ्या करारावर सह्या झाल्या, आणि १९९५ साली मोलिना, रोलंड व पॉल क्रुट्झन यांस नोबेल पारितोषिक मिळाले. फवाऱ्यांच्या डब्यांतील या वायूस अमेरिकेने १९७८ मध्येच बंदी केली होती. आता मोटारगाड्यांकडे लक्ष वळले, आणि तेथे आढळले ते असे, की कारखान्यात बनणाऱ्या वायूचा मोठा वाटा नव्या गाड्या भरण्यात नव्हे, जुन्या गाड्यांतून निसटलेल्याची भरपाई करण्यात खर्ची पडत होता. डबा स्वस्त वाटत होता तो त्याच्या किमतीतील मोठा हिस्सा आकाशाच्या नावे उधार मांडला जात होता म्हणून.

यानंतर सरकारी अंमल आला. अमेरिकेच्या १९९० च्या दुरुस्त स्वच्छ हवा कायद्याने मोटारीच्या वातानुकूलनाचे काम करणाऱ्या कारागिरास परीक्षा व परवाना सक्तीचा केला, वायू मोकळा सोडण्यास मनाई केली, आणि तो यंत्राने ओढून साठवावा असा निर्बंध घातला. १९९२ च्या नोव्हेंबरापासून जुन्या वायूचे छोटे डबे बिनपरवाना मनुष्यास विकणे बंद झाले, आणि १९९५ च्या अखेरीस त्याचे उत्पादनच थांबले. भाव कडाडले तसा चोरटा व्यापारही उपजला, आणि मायामी बंदरातील जकात अधिकाऱ्यांना अमली पदार्थांच्या जोडीने या गारव्याच्या वायूच्या टाक्या पकडण्याची वेळ आली. नव्या गाड्यांत क्लोरिनविरहित १३४-ए हा वायू आला. त्याचे रेणू लहान असल्यामुळे जुन्या रबरी नळ्यांतून तो अधिक झिरपे. म्हणून आतून नायलॉनचे अस्तर दिलेल्या नळ्या आल्या. खनिज तेल त्यात मिसळेना, म्हणून तेल बदलले. आणि क्लोरिन नसल्यामुळे मशालीची ज्योत हिरवी होईना! एका पिढीने आत्मसात केलेली शोधविद्या एकाएकी निरुपयोगी झाली, आणि तिच्या जागी हुंगणारी विद्युत्-उपकरणे, तेलात मिसळून अतिनील दिव्याखाली पिवळसर हिरवे चमकणारे रंग, आणि नायट्रोजनने नळ्या फुगवून दाबमापकावर नजर ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

व्हॅनच्या मागच्या शाखेचे खरे दुखणे या काळात उघडे पडले. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात ही रीत सार्वत्रिक केली, आणि आज त्या देशात एका हंगामात एक कोटी टनांहून अधिक मीठ रस्त्यांवर पडते. चाकांनी उडविलेले हे खारे पाणी तळाशी बांधलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवर बसते. जेथे नळी पोलादी पकडीत धरलेली असते तेथे दोन भिन्न धातूंमध्ये ओल राहून विद्युत्-रासायनिक झीज होते, आणि काही वर्षांत सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते. गारवा जातो तो समोरचाही. कारण शाखा मागे असली तरी वर्तुळ एकच आहे. मालकाची येथे मोठी कुचंबणा होते. गाडी जुनी, पोलादी पकडी गंजलेल्या, संपूर्ण नळी बदलण्यास गाडी उचलून मागच्या चाकापर्यंत सारा तळ मोकळा करावा लागणार, आणि मजुरीचा आकडा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करणार. म्हणून कारागिरांनी दोन मधले मार्ग काढले. एक, कुजलेला तुकडा कापून तेथे नवी लवचीक नळी दाबसांध्यांनी जोडावयाची. दुसरा, इंजिनाजवळ जेथे शाखा फुटते तेथेच दोन्ही नळ्यांची तोंडे बुचे बसवून बंद करावयाची, वायू व तेल त्या प्रमाणात कमी भरावयाचे, आणि मागच्या प्रवाशांस खिडकीच्या वाऱ्यावर सोडावयाचे. दुसऱ्या मार्गाने गाडीची ऐट कमी होते हे खरे. पण पुढच्या उन्हाळ्याचा गॅस वाचतो. या दोहोंपेक्षा निकृष्ट असा तिसरा मार्ग, म्हणजे गळते छिद्र आतून बुजविणारे औषध डब्यातून भरणे, जाणते कारागीर टाळतात. कारण ते औषध ओलाव्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि छिद्राऐवजी व्हॉल्व्ह अथवा वायू ओढून घेणाऱ्या यंत्राच्याच नळ्या बुजवू शकते.

मागच्या कॉइलची ही गळकी ख्याती कायद्याच्या कलमांतही शिरली आहे. १३४-ए ओझोनास निर्दोष ठरला, तरी पृथ्वीचे तापमान वाढविण्यात तो वजनास वजन कर्बवायूच्या हजाराहून अधिक पट समर्थ निघाला. म्हणून युरोपीय संघाने २००६ साली मोटारीच्या वातानुकूलनासंबंधी जो निर्देश काढला, त्यात अशा वायूच्या नव्या यंत्रांवर गळतीची वार्षिक मर्यादा घातली: एक कॉइल असल्यास ४० ग्रॅम, दोन कॉइल असल्यास ६० ग्रॅम. मागच्या आसनावरील गारव्यासाठी वर्षास २० ग्रॅमची ही जादा सवलत म्हणजे, लांब नळी गळणारच, हे कायदेकारांनी लेखी मान्य केल्यासारखे आहे. कॅलिफोर्नियाने २०१० पासून छोट्या डब्यांवर अनामत रक्कम बसविली व आपोआप बंद होणारे झाकण सक्तीचे केले, ते याच विचाराच्या अनुषंगाने. आता नव्या गाड्यांत १२३४-वायएफ नावाचा, थोड्याच दिवसांत विघटन पावणारा वायू आला आहे. तो आकाशास जवळजवळ निरुपद्रवी, परंतु किमतीने इतका भारी की गळतीचे नुकसान अखेर मालकाच्याच खिशात येऊन पोचले.

आपल्याकडे या इतिहासाचे पडसाद उशिरा, पण त्याच क्रमाने उमटले. कुर्ल्यात बनणारी पद्मिनी व तिच्या पिढीतील गाड्या यांना गारवा बहुधा मागाहून बसवीत, आणि मुंबईच्या निळ्या कूल कॅबमध्ये बसणे ही त्या काळी चैन होती. भारत १९९२ मध्ये माँट्रियल करारात सामील झाला. २००० सालच्या नियमांनी नव्या उपकरणांत जुना वायू भरण्यास २००३ पासून मनाई झाली, आणि १ जानेवारी २०१० पासून त्याची राजवट संपली. याच सुमारास सुमो, क्वालिस, स्कॉर्पिओ अशा मोठ्या कुटुंबास व लग्नाच्या वऱ्हाडास पुरणाऱ्या गाड्यांतून मागचा गारवा मराठी माणसाच्या परिचयाचा झाला. आपल्या रस्त्यांवर मिठाचा मारा नाही. परंतु कोकणपट्टीची खारी, दमट हवा आणि पावसाळ्यातला चिखल ही दोन मिळून तेच कार्य सावकाश उरकतात. गॅरेजमधील संभाषणही जुन्या अमेरिकन वळणाचेच असते: गारवा कमी झाला की मालक गॅस भरून मागतो, कारागीर भरून देतो, आणि तो गेला कोठे ही चौकशी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलली जाते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत कॉम्प्रेसर स्वतःच्या विद्युत्-मोटारीसह बंद आवरणात बसतो. पट्टा गेला, बाहेर येणारा दांडा गेला, आणि १९२७ साली घरगुती शीतपेटीस लाभलेले वरदान मोटारीस मिळू लागले. मागच्या आसनांकडे जाणारी नळी मात्र तेथेही उरतेच, आणि तिच्याबरोबर तिचे सांधे. म्हणून या धंद्याची प्रतिष्ठा वायू भरण्याच्या कौशल्यात नसून तो निसटतो कोठून हे शोधण्याच्या चिकाटीत आहे. कसबी कारागिराच्या बिलात गॅसची रक्कम लहान आणि तपासाची मजुरी मोठी दिसली, तर मालकाने कपाळास आठी घालू नये. कारण ही मजुरी नवी नाही, ती पूर्वीही द्यावी लागतच होती, फक्त देणारा दुसरा होता.